क्लाउडचं उद्घाटन

आमच्या कॉलेजात उद्घाटन झाल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हा विभागप्रमुख हंबीरराव सरांचा कायदा. नवा फ्रिज आला तेव्हा पाहुण्यांची तारीख मिळेपर्यंत आम्ही नमुने बाहेरच ठेवले. नमुने कुजले, पण फीत झोकात कापली गेली.

म्हणून २००९ साली आमच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाची माहिती क्लाउडवर चढली, तेव्हा मला धसकाच बसला. माहिती होती आमच्याकडं पीएचडी करणाऱ्या रोहिणीची. नृसिंहवाडीच्या संगमावरचं पाणी आणि गाळ गोळा करून, त्यात कुठकुठले जिवाणू नांदतात हे या पोरीनं डीएनए वाचून काढलं होतं. पसारा एवढा झाला की विभागाचा कॉम्प्युटर मान टाकायला लागला. मग अनुदानातून परदेशातल्या एका कंपनीची यंत्रं भाड्यानं घेतली, सगळं तिकडं ठेवलं आणि जगातल्या कुठल्याही संशोधकाला ते फुकट उघडता येईल अशी सोय केली. अनुदानाची अटच होती ती.

म्हणजे सगळ्या जगाला मुभा होती आणि आम्हाला बंदी.

"पावणं येऊन बटण दाबूस्तवर आपल्यातल्या कुणी हात लावायचा न्हाय," सरांनी बजावलं. "उष्टं ताट पावण्याम्होरं ठेवायचं व्हय?"

रोहिणीनं काही ऐकलं नाही. शिवाजी पेठेतल्या नेट कॅफेत, शेजारी पोरं फुटबॉलच्या गेमवर बोंबलत असताना, तिनं क्लाउडवरच सगळी आकडेमोड उरकली. गाळात कीटकनाशक पचवणारा एक अनोळखी जिवाणू तिला सापडला. प्रबंध लिहून झाला. राहिली फक्त सरांची सही.

"आत्ता सही केली तर उद्घाटनाआधीच माहिती वापरली असं दिसंल," सर म्हणाले. "मग पावण्यांनी उद्घाटन कशाचं केलं म्हणायचं?"

"पण सर, तोवर दुसऱ्या कुणी छापलं तर? सगळं उघडंच हाय की."

"आपल्या गाळात कुणाला रस असतोय?"

आधी लोकसभेची आचारसंहिता लागली, मग विधानसभेची. त्यात पाहुण्यांचं तिकीट कापलं गेलं, म्हणून पाहुणेच बदलावे लागले. नव्या पाहुण्यांना मार्गशीर्षातलाच मुहूर्त हवा होता. रोहिणी रोज सरांच्या केबिनबाहेर प्रबंध मांडीवर घेऊन बसायची. तिला बघून माझं डोकं फिरायचं.

शेवटी मांडव पडला, हलगी कडाडली, फेटे बांधले गेले. पाहुण्यांनी बटण दाबलं आणि सरांनी छाती फुगवून माईक हातात घेतला. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी आपल्याच क्लाउडवरची माहिती वापरून संगमाच्या गाळातला नवा जिवाणू शोधलाय, परवाच मोठ्या नियतकालिकात छापून आलंय आणि शेवटी कॉलेजचे आभारसुद्धा मानलेत, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. रोहिणी हारांचं तबक धरून उभी होती. तिच्याकडं मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी सरांनी आपण होऊन तिला बोलावलं. मी तिच्याबरोबर गेलो. सरांनी पेनाचं टोपण काढलं, प्रबंध चाळला आणि हात थांबला.

"रोहिणी, हे तर सगळं छापून आलंया. ह्यात नवीन काय हाय?"

"तुमची सही," रोहिणी म्हणाली.