तोरणाची फेकणी

मित्रांनो, दुरून पाहिलं तर मी कुणाच्या तरी न्हाणीघरातून उपटून आणलेल्या नळासारखी दिसते. जवळून पाहिलं तरी फारसा फरक पडत नाही. पोटाला गोणपाट गुंडाळलेलं, त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, बगलेत काट्याचं एक घड्याळ आणि पुढे चार फूट लांब नाक. पण नळातून पाणी येतं. माझ्यातून दोरी जाते. तीही थेट तीस फूट उंच चिंचेच्या फांदीवरून पलीकडे. आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावात मला फेकणी म्हणतात. माझं रूप यथातथाच आहे, हे मला ठाऊक आहे. पण माझ्यामुळे एक माणूस झाडावरून पडायचा राहिला. एवढं सांगण्यासारखं असल्यावर रूपाचं काय घेऊन बसायचं?

माझी आई पाण्याची आणि बाप हवेचा. आई म्हणजे सत्यशीलाबाई. ती ग्रामपंचायतीची वॉलमन. टाकीखालचे वॉल फिरवून आज या वस्तीला, उद्या त्या वस्तीला पाणी सोडायचं, हे तिचं बावीस वर्षांचं काम. कुठे पाइप फुटला तर तीच खड्डा खणून जोडते. बाप म्हणजे तिचा नवरा धर्मपाल. त्याचं बसथांब्यावर पंक्चरचं दुकान आहे. दोघांचं एकमेकांच्या धंद्याबद्दल फारसं चांगलं मत नाही. संसार मात्र उत्तम आहे.

माझ्या जन्माला कारण झाला पोळा. आमच्याकडे पोळ्याला गावातले आणि तांड्यातले बैल आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, एकत्र उभे राहतात. वर आंब्याच्या पानांचं तोरण लागतं. तोरण लागल्याशिवाय झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायची यमकी गाणी, नाहीत आणि झडत्यांशिवाय पोळा फुटत नाही, बैल घरी जात नाहीत. तोरणाची दोरी एका बाजूला कडुनिंबाला सहज बांधता येते. पंचाईत दुसऱ्या बाजूच्या चिंचेची. विजेच्या तारांसाठी तिच्या खालच्या सगळ्या फांद्या छाटल्या गेल्या; तारा पुढे दुसरीकडे हलवल्या, फांद्या गेल्या त्या गेल्या. उरलेली पहिली फांदी तीस फुटांवर. ग्रामपंचायतीची शिडी चौदा फुटांची, त्यातही दोन पायऱ्या गेलेल्या. एका वर्षी जेसीबीच्या फावड्यात माणूस उभा करून पाहिला. त्या आवाजाने बैल असे बुजले की अर्धा पोळा तुरीच्या वावरांत भरला.

मग चढायचं कोणी? तांड्यातल्या अमरसिंगने. त्याच्या बापापासून हा मान त्यांच्या घरात होता. अमरसिंग आता साठी ओलांडलेला, उजवा गुडघा कुरकुरणारा. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी पावसाने साल ओली होती. त्याचा पाय घसरला आणि सगळ्या गावादेखत तो एका हातावर लोंबकळत राहिला. हसत खाली उतरला, तोरणही बांधून उतरला. पण खाली उभ्या असलेल्या त्याच्या बायकोचं, लालीबाईचं, अंग तेव्हा जे कापायला लागलं ते वर्षभर अधूनमधून कापतच होतं.

पोळा पंधरा दिवसांवर आला तेव्हा लालीबाई टाकीपाशी सत्यशीलाबाईला गाठायला आली.

"यंदा हे चढतीन तं धड खाली येतीन का नाई, मले भरोसा नाई."

"सांग ना मंग त्यायले."

"सांगतलं. म्हनते, माह्या बापानं बांधलं, मी बी बांधीन. मी म्हनलं, तुमच्या बापाचा गुडघा चांगला होता."

"मंग?"

"मंग दोन दिवस बोलले नाई."

सत्यशीलाबाई वॉलवर हात ठेवून विचार करत राहिली. तिला एक जुनी गोष्ट आठवली. नवी लाइन टाकताना एकदा पाइपात हवा अडकली होती आणि टोकाची टोपी सुटून थेट दुसऱ्याच्या वावरात जाऊन पडली होती. तेव्हा ती टोपी शोधताना तिने हवेला मनसोक्त शिव्या दिल्या होत्या. आता तिच्या मनात आलं, टोपी एवढी जाते, तर तिच्यामागून दोरी का जाणार नाही?

असा माझा विचार जन्मला, मित्रांनो. शरीर नंतर जमलं.

पोटासाठी अडीच इंची जाड पाइप, तीन फूट लांब. एका टोकाला टोपी, दुसऱ्या टोकाला तोंड लहान करणारा जोड, पुढे आडव्या दांडीचा बॉल वॉल आणि त्यापुढे नाक म्हणून एक इंची पाइप. हवा भरायला धर्मपालने ट्यूबलेस चाकाचा वॉल बसवला. हवेचा दाब दाखवणारं घड्याळ आलं ठिबक सिंचनाच्या एका मोडक्या फिल्टरवरून. सोल्युशन लावून जोडल्यावर सत्यशीलाबाईने मला दोन दिवस सावलीत निजवलं. धर्मपाल तासातासाला येऊन विचारायचा, "झाली का?" ती म्हणायची, "हे पंक्चर नोय, दहा मिनटात द्यायले."

गोणपाटाचं तिने आधीच ठरवलं होतं. पाण्याचा पाइप फुटला तर माणूस भिजतो. हवेचा फुटला तर तुकडे उडतात. म्हणून मला कपडे घातले. दिसायला कशी दिसते ते सांगून झालंच आहे, पण ते कपडे मला शोभेसाठी दिलेले नाहीत.

मग परीक्षा. सत्यशीलाबाईने मला तिच्या पद्धतीने तपासलं, म्हणजे पोटभर पाणी भरून रात्रभर टांगलं. सकाळी एक थेंब खाली नाही. ती खूश. धर्मपालने हवा भरली. काटा दोनवर गेला आणि तिथून हळूहळू खाली यायला लागला.

"पानी तं नाई गळलं," ती म्हणाली.

"पानी जाडं असते वं. हवा बारीक असते," तो म्हणाला. दाढीच्या ब्रशने त्याने माझ्या अंगभर साबणाचा फेस लावला. बुडबुडे आले ते नेमके त्यानेच बसवलेल्या ट्यूबलेसच्या वॉलपाशी. त्याने पाना घेतला आणि वॉल आवळायला लागला. सत्यशीलाबाईने फेस पुसला, पण पदर तोंडाला लावून.

पुढची चूक मात्र तिची होती, आणि अशी चूक तीच करू शकते. पाऊण इंची पाइपाचा वीतभर तुकडा, आत ओली माती, पुढे चिंध्यांचा गोळा आणि मागे मासे धरायची नायलॉनची तंगूस बांधलेली: असा बाण माझ्या नाकात सरकवला. काटा तीनवर. सत्यशीलाबाईने दांडी धरली आणि फिरवली. हळूच. बोटभर, मग आणखी बोटभर. बावीस वर्षं ती सगळ्यांना सांगत आली होती की वॉल कधी झटक्याने उघडू नये, पाण्याचा दणका बसून लाइन फुटते. तिचा हात दुसरं काही जाणतच नव्हता. मी फुस्स केलं. बाण नाकातून घरंगळला आणि तिच्याच चपलेवर पडला.

"तू पानी सोडून राह्यली," धर्मपाल म्हणाला. "हवा सोड."

"हात असाच फिरते. काय करू?"

"मंग मी सोडतो."

"तू नेम धरशीन का? तुले भितीत ठोकलेला खिया सापडत नाई."

आठ दिवस आम्ही नदीकाठी सराव केला. तंगूस रिळावरून सुटताना झटका द्यायची, म्हणून ती घमेल्यात मोकळी पसरवून ठेवायची युक्ती निघाली. घड्याळावर तीनच्या आकड्याशी नेलपॉलिशची लाल रेघ ओढली गेली. त्यापुढे काटा न्यायचा नाही. पाच वेळांतून दोनदा सत्यशीलाबाईचा हात झटक्याने फिरायचा आणि बाण बाभळीवरून पलीकडे जायचा. तीनदा फुस्स. पाचांत दोन. एवढ्या भरवशावर आम्ही पोळ्याला निघालो.

आखरावर मला पाहून जे हसू उसळलं ते मी अजून विसरले नाही. अमरसिंग सगळ्यांत मोठ्याने हसला. "नळानं तोरण बांधता काय गा? उद्या बैलाच्या जागी फटफट्या उभ्या करान." पण लालीबाई जाणत्या माणसांपुढे जाऊन उभी राहिली. ती तिथून हललीच नाही. शेवटी ठरलं, फेकणीला दोन डाव द्यायचे. नाही जमलं तर अमरसिंग चढेल. पहाटेच पाऊस पडून गेला होता. चिंचेचं खोड काळंभोर ओलं होतं.

धर्मपालने पलीकडची जागा रिकामी केली. मला बेचक्याच्या काठीवर ठेवलं. हवा भरली, काटा लाल रेघेवर. सगळ्या गावाचे डोळे अंगावर आल्यावर सत्यशीलाबाईचा हात पुन्हा वॉलमनचा हात झाला. हळूच. बोटभर, आणखी बोटभर.

बाण दहा फुटांवर जाऊन चिखलात रुतला.

या वेळी कुणी हसलं नाही. अमरसिंगने चपला काढल्या. धोतराचा काचा मारला, चिंचेपाशी गेला आणि खोडावर तळवा ठेवून नमस्कार केला. एक डाव उरला होता, पण त्याच्या लेखी तो संपलेलाच होता. धर्मपाल घाईघाईने पंप मारत होता. लालीबाईने नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"सत्यशीला, तू नुसती नेम धर. दांडी माह्याकडे दे."

"एकदम फिरवा लागते, लालीबाई."

"मले हळू फिरवताच येत नाई," लालीबाई म्हणाली.

काटा रेघेवर आला. सत्यशीलाबाईने मला दोन्ही हातांनी धरलं, एक डोळा मिटला. "आता," ती म्हणाली. आणि मित्रांनो, लालीबाईने माझ्या दांडीवर जो हात मारला, त्यात आदल्या वर्षीचं ते सगळं कापणं होतं. पोटातली सगळी हवा एका क्षणात पुढे धावली. ठक्क. घमेल्यातली तंगूस सळसळत वर गेली. बाण फांदीच्या वर दिसला, क्षणभर आभाळात थांबल्यासारखा वाटला आणि पलीकडे उतरला. एका बैलाने कान हलवला, एवढंच.

मी ज्या कामासाठी जन्मले ते मी केलं होतं. अभिमान म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. पोट रिकामं असूनही भरल्यासारखं वाटतं.

तंगुसीला सुतळी बांधली, सुतळीला दोर. दोर फांदीवरून खाली आला. आता ओढायचा कोणी? अमरसिंग खोडापाशी तसाच उभा होता. काचा मारलेला, पाय अनवाणी, आणि काही करायला उरलेलं नाही. ते मला बघवलं नाही. मी जिंकले होते, पण त्याच्याकडे पाहून ते जिंकणं अर्धं झालं. सत्यशीलाबाईलाही दिसलं असावं. तिने दोराचं टोक नेऊन त्याच्या हातात दिलं.

"दादा, तोरन तुमीच चढवा. फेकनीले कुठं बांधता येते?"

त्याने दोर मुठीत धरला. "लाली," त्याने बायकोला विचारलं, "तुवं भेव गेलं काय?"

"तुमी वढा आंधी," ती म्हणाली. "मंग सांगतो."

त्याने दोर ओढला. हातावर हात, हातावर हात, तोरण वर चढत गेलं आणि आंब्याची पानं वाऱ्यावर हलायला लागली. कुणीतरी तिथल्या तिथे झडती जुळवली:

"चिंच म्हने चढू नको, गुडघा म्हने रडू नको,
नळ मारते उंच उडी, लालीबाईची दांडी बडी!"

अमरसिंग नंतर माझ्यापाशी आला आणि बोटाने माझं गोणपाट चाचपलं. सत्यशीलाबाईला म्हणाला, "बाई, दोर चांगला हाय." माझ्याबद्दल तो एवढंच बोलला. मी ते माझंच कौतुक समजले.

पुढची वर्षं चांगली गेली. शाळेतल्या गुरुजींनी मला विज्ञान प्रदर्शनात नेलं. मुलांनी माझ्या नाकावर कागदी रॉकेटं चढवली. बाभुळगावहून, महागावहून माणसं मला पाहायला आली. आणि कौतुकातच घात झाला. पाहुण्यांसमोर माणूस फुगतो. धर्मपालने मलाही फुगवलं. हातपंप सोडून दुकानाच्या कॉम्प्रेसरची नळी लावली. काटा लाल रेघ ओलांडून गेला आणि माझी मागची टोपी फाटली. तुकडे गोणपाटातच अडकले, म्हणून कुणाला लागलं नाही. सत्यशीलाबाई पाहुणे जाईपर्यंत काही बोलली नाही. गेल्यावर जे बोलली ते मी इथे सांगणार नाही. तुम्ही लहान आहात.

त्यानंतर वर्षभर मी टिनाच्या छतावर पडून होते. उन्हाने पाइप ठिसूळ होतो, हे माझ्या आईला माहीत होतं, पण राग उतरायला वेळ लागतो. माझ्या नाकात गांधीलमाश्यांनी घर केलं. पोळा जवळ आला तेव्हा लालीबाईच मला शोधत आली. सत्यशीलाबाईने उन्हाने खाल्लेलं पोट कापून टाकलं, नवा पाइप जोडला, नवी टोपी बसवली. या वेळी धर्मपालने दोन दिवसांत एकदाही "झाली का?" विचारलं नाही.

आता मी सावलीत, कोरड्या जागी टांगलेली असते. पोळ्याच्या आधी माझ्या अंगावर फेस लावतात. हवा भरलेली असताना माझ्या नाकासमोर कुणी येत नाही आणि मला एकटं पोर हात लावत नाही. कामाच्या वस्तूला एवढी माया पुरते, मित्रांनो. कौतुक कमी केलंत तरी चालेल, पण रेघ ओलांडू नका.

पोळ्याला दांडी लालीबाईच फिरवते. तो मान आता तिचा. दोर अमरसिंग ओढतो. गुडघा आणखी वाईट झाला आहे, त्यामुळे गेल्या वर्षी खुर्चीवर बसून ओढला. तोरण तसंच वर गेलं.

तुमच्या घरीही कुणी म्हातारं माणूस अजून माळ्यावर, झाडावर, टाकीवर चढत असेल. त्याला नुसतं "चढू नका" म्हणू नका. तसं म्हटल्याने कुणी थांबत नाही, माणूस दोन दिवस बोलायचा तेवढा थांबतो. दोरी वर न्यायची दुसरी काहीतरी सोय करा, आणि खालचं टोक त्याच्या हातात द्या.