मथुराबाईचे घरचे शब्द

त्या रविवारी दुर्गजवळच्या जुनवानीच्या कंप्युटर क्लासमध्ये पंखे बंद होते, खिडक्या बंद होत्या, दारावर जाड चादर टांगली होती, आणि मधोमध लाकडी खुर्चीवर ताराची आई मथुराबाई माइकसमोर बसून सकाळपासून एकेक शब्द बोलत होती. शब्द बोलायचा, घोटभर कोमट पाणी प्यायचं, पुढचा शब्द. संध्याकाळच्या गाडीनं तिला नागपूरला न्यायचं होतं आणि मंगळवारी डॉक्टर तिच्या गळ्यातली स्वरपेटी काढून टाकणार होते. त्यानंतर मथुराबाई जिवंत राहणार होती, पण मुकी.

कल्पना ताराची. बारावीतली पोर, पण कंप्युटरसमोर बसली की कोणाच्या बापाचं ऐकायची नाही. आईचा प्रत्येक शब्द वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा. मग कीबोर्डवर फाइलचं नाव टाइप केलं की मशीन तोच शब्द आईच्या आवाजात बोलणार. क्लासचे मालक भैय्याजी एक जुनं मशीन घरी ठेवायला द्यायला तयार होते. ताराचे बाबा, पोलाद कारखान्यात रोलिंग मिलमधले केवलराम, म्हणाले होते, "संग टेपही लावून ठेव ना पोरी." त्यावर तारानं नाक मुरडलं होतं. "बाबा, टेपमंदी शब्द सापडतपर्यंत समोरचा मानूस घरी निंगून जाते."

आता मराठी घरात आणि हिंदी दाराबाहेर, हे तर त्यांच्याकडे ठरलेलंच. म्हणून घरचे शब्द तारानं नव्या डिस्कवर ठेवायचे ठरवले आणि बाजारचे, दवाखान्याचे, शेजारपाजारचे हिंदी शब्द जुन्या डिस्कवर. एका डिस्कवर सगळे मावतच नव्हते.

फक्त एक अडचण आली. आईचा आवाज आधीच इतका विरला होता की माइक पूर्ण वाढवावा लागला, आणि त्यात मशीनची घरघरही येऊ लागली. मशीन काय करतं, की दिलेली गोष्ट लगेच डिस्कवर लिहीत नाही, मेमरीत धरून ठेवतं. मागे एक छोटा प्रोग्राम झोपलेला असतो, तो मधूनमधून उठतो आणि साचलेलं सगळं डिस्कवर उतरवतो. तो उठला की जुनी डिस्क दळण दळल्यासारखी आवाज करायची. 'भाजी'च्या मागे घर्र, 'ये बाबू'च्या मागे घर्र. मग तारानं तो प्रोग्रामच बंद करून टाकला. काय छान शांतता झाली. संध्याकाळी सगळं एकदम लिहू, तिनं स्वतःशी ठरवलं, आणि आईला म्हणाली, "हं, बोल."

दुपार उतरता उतरता आईचा आवाज संपला. म्हणजे अगदी संपला. ओठ हलायचे, वारा यायचा. केवलरामनं तिच्या खांद्यावर शाल टाकली. "बस झालं. आता नको बोलू."

आणि लाइट गेली.

त्यांचं घर कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, तिथं लाइट सहसा जायची नाही, त्यामुळे ताराच्या डोक्यात ही गोष्ट आलीच नव्हती. पण जुनवानी टाउनशिपच्या बाहेर. यूपीएस टूं टूं करायला लागला. भैय्याजी आतल्या खोलीतून धावत आले.

"लिहून टाक सगळं, लवकर. बॅटरी जुनी आहे बेटा, तिचा काही भरोसा नाही."

"किती वेळ चालते?"

"चालते तोपर्यंत चालते."

तारानं हुकूम दिला: मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरव. जुनी डिस्क जागी झाली. खर्र, खर्र, आणि मग टक्. परत खर्र, टक्. स्क्रीनवर एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटायला लागली: जुन्या डिस्कवरची एक जागा खराब होती आणि मशीन तिथेच लिहायचा हट्ट धरून बसलं होतं.

"पुढं कावून नाई जाऊन राहिलं?" केवलरामनं विचारलं.

"अडकलं, बाबा. एक जागा खराब आहे, तिथंच डोकं आपटून राहिलं."

"मंग घरचे शब्द?"

नव्या डिस्कचा दिवा एकदाही लुकलुकला नव्हता. लिहिणारा प्रोग्राम एकच होता. त्यानं जुनी डिस्क आधी धरली होती, आणि ती सोडल्याशिवाय तो नव्या डिस्ककडे वळणारच नव्हता. चांगली धडधाकट डिस्क रिकामी बसून होती आणि आईचे सगळे घरचे शब्द मेमरीत, बॅटरीच्या टूं टूं वर टांगलेले. तारानं त्या लिहिणाऱ्याला थांबवून पाहिलं. ऐकेना. डिस्कमध्ये शिरलेला परत येईपर्यंत कोणाचं ऐकत नाही, हे तिला माहीत होतं, तरी तिनं तीनदा थांबवून पाहिलं.

"वायर ओढू का जुनीची?" भैय्याजी वाकले.

"हात नका लावू, भैय्याजी. पूर्ण मशीन अटकून जाईल. सगळंच जाईल."

मागे खुर्ची सरकली. आई उठून माइकजवळ आली होती. तिला सगळं कळलं होतं. तिनं माइक हातात घेतला, तोंडाशी नेला आणि बोलायला लागली. वारा. तिनं गळ्यावर हात दाबला, मान ताणली, पुन्हा बोलली. परत वारा. केवलरामनं माइक तिच्या हातातून सोडवून पाहिला, पण ती सोडेना.

"राहू दे ना, मथुरा."

ताराला वाटलं, आईचा आवाज मीच मारून टाकला. डॉक्टर मंगळवारी काढणार होते, मी रविवारीच काढला. टेप लावली असती तर. घरघर राहू दिली असती तर. डोळ्यांपुढं अक्षरं पोहायला लागली, आणि त्या पोहणाऱ्या अक्षरांतच ती नव्या डिस्कच्या बंद दिव्याकडे बघत राहिली. एक अडकला. अडकू दे. पण मी दुसरा उभा केला तर? दोन्ही डिस्कना मशीनशी जोडणारी वेगवेगळी कार्डं होती, एकीचा रस्ता दुसरीला आडवा येत नव्हता. एक लिहिणारा तिथं मरू दे, दुसऱ्याला फक्त नव्या डिस्कवर पाठवू.

तिनं दुसरा स्क्रीन उघडला आणि प्रोग्राम लिहायला घेतला. चार-पाच ओळींचा: ही फाइल घे, आत्ताच्या आत्ता उतरव, पुढची घे. बोटं घसरत होती. पहिल्यांदा मशीननं चूक दाखवली.

"अर्धविराम," भैय्याजी तिच्या खांद्यावरून म्हणाले. "तिसरी ओळ. एवढी हुशार पोरगी अन् अर्धविराम खाते."

यूपीएसचं टूं टूं आता सलग झालं होतं. तारानं अर्धविराम टाकला, प्रोग्राम चालू केला. नव्या डिस्कचा दिवा लागला. विझला. लागला. इकडे जुनी खर्र टक् करत होती, तिकडे नवी चुपचाप लिहीत होती, दोघी एकाच वेळी. दिवा लागत होता, विझत होता, आणि तारा ओठांत म्हणत होती, अजून एक, अजून एक, फक्त अजून एक.

मग सगळंच काळं झालं. बंद केलेल्या पंख्यासारखा डिस्कचा आवाज हळूहळू खाली उतरला आणि बंद झाला.

"झालं?" केवलराम.

"मले नाई माहीत, बाबा."

गाडीची वेळ झाली होती, दुर्गला पोचायचं होतं. बाहेर रिक्षावाला आवाज देत होता. आईनं ताराचा चेहरा दोन्ही हातांत धरला, काहीतरी बोलली, पण ते कोणालाच ऐकू आलं नाही. केवलराम पिशव्या उचलता उचलता म्हणाले, "काही असो, फोनवर खरं सांगजो. तिला मी सांगीन का नाई, ते मी पाहीन."

लाइट आली तेव्हा बाहेर अंधार पडला होता. तारानं मशीन चालू केलं. मशीन दोन्ही डिस्क तपासत बसलं; ओळींमागून ओळी. जुन्या डिस्कवर हिंदीचे जेमतेम मूठभर शब्द उरले होते, बाकी गेले. नव्या डिस्कवर घरच्या शब्दांचं फोल्डर उघडलं तर रिकामं. तारानं कपाळ टेबलावर टेकवलं.

"थांब," भैय्याजी म्हणाले. "बेवारस फायली कुठं ठेवते हे? तिथं पाहा."

तिथं होत्या. ओळीनं, एकाखाली एक, सगळ्या. पण नावं नव्हती, नुसते आकडे. तिच्या दुसऱ्या लिहिणाऱ्यानं शब्द उतरवले होते. कोणाचं नाव काय, हे लिहिणं राहून गेलं होतं.

"आता कोणता कोणता आहे, कसं कळंल?" भैय्याजींनी विचारलं.

"ऐकून."

तारानं पहिला आकडा लावला. 'मीठ', आई म्हणाली, खरखरीत, थकलेल्या आवाजात. तारानं टाइप केलं: मीठ. दुसरा लावला. 'उद्या'. तिसरा, 'नको'. भैय्याजींनी चुपचाप चादर पुन्हा दारावर टांगली. तारा एकेक ऐकत होती, एकेकाला नाव देत होती, मध्येच कुर्त्याच्या बाहीनं डोळे पुसत होती. मग एक आकडा असा लागला की त्यात एकटा शब्द नव्हता, अख्खं बोलणं होतं. माइक चालू राहून गेला असेल. आई कोणाशी तरी हळूच बोलत होती: "पोरीनं सकाळपासून काई खाल्लं नाई. तिच्यासाठी काहीतरी आना ना जी."

ह्याला काय नाव द्यावं, ते ताराला सुचेना. तिनं तो पुन्हा लावला.