हरिचंदकडचा रेडिओ

"काका, कॉम्प्युटरला रेडिओच सापडंना," सत्यशीला म्हणाली आणि तिने सीडी पुन्हा आत सारली.

संतरामला इतकं बरं वाटलं, की इतका वेळ न शिवलेला बशीतला पेढा त्याने उचलून तोंडात टाकला. हळदीचे व्यापारी हरिचंद यांना जावयाने पुण्याहून एक काळा डबा पाठवला होता. तो कॉम्प्युटरला जोडला की म्हणे जगभरची शॉर्टवेव्ह स्टेशनं ऐकू येणार. सॉफ्टवेअर बसवायला कॉम्प्युटर क्लासात शिकवणारी सत्यशीला आली होती, आणि ऐकायला अख्ख्या वसमतमधून बोलावलं कुणाला, तर संतरामला आणि त्याच्या खेमाला.

त्याच्या खेमाला! दुखणं हेच होतं. दोघे नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात वॉल्व्ह सोडायचे, निवृत्तही बरोबरच झाले. बायको गेल्यापासून खेमा रोज संध्याकाळी संतरामच्या ओसरीवर यायचा. संतराम रेडिओचा काटा फिरवायचा, आणि खेमा ओसरीच्या टोकाला एरियलची तार हातात धरून बसायचा. त्याने तार धरली की आवाज वर यायचा, सोडली की नुसती खरखर. परदेशातून लागणारा एक हिंदी कार्यक्रम दोघांनी वर्षानुवर्षं असाच ऐकला होता. दर शनिवारी त्यात श्रोत्यांची पत्रं वाचत. नुकतंच दोघांनी मिळून एक पत्र धाडलं होतं. आणि हाच खेमा आता हरिचंदच्या कॉम्प्युटरला नाक लावून बसला होता.

"माल खराब दिसून राहिला," संतराम गोड आवाजात म्हणाला. "वापस धाडा, शेठ. कशाला तकलीफ?"

"पोर्ट तर बराबर निवडलाय," सत्यशीला पुटपुटली. तिने मागची केबल उपसली आणि कपाळाला हात लावला. "काका, हे काय?"

केबलच्या तोंडातल्या सगळ्या पिना पिवळ्याधमक झाल्या होत्या.

"पूजा केली," हरिचंद म्हणाला. "नवी वस्तू हाय. हळदकुंकू लावावं न्हाई का?"

"वरून लावायचं ना! तुमी आतच भरलंय."

खेमा पोट धरून हसला. संतराम त्याच्याहून मोठ्यांदा हसला. पण सत्यशीलाने जुन्या टूथब्रशने पिना घासल्या, केबल लावली, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. पडद्यावर हिरवी रेघ थरथरली. तिने एका आकड्यावर क्लिक केलं आणि निवेदिकेचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ आला.

"शोधावं लागत न्हाई?" खेमाने विचारलं.

"न्हाई. नुसतं बसून ऐकायचं," हरिचंद म्हणाला. "रोज या, खेमाभाऊ."

"येतो की!"

एवढ्या पटकन! संतरामचा जळफळाट झाला. घरी येऊन त्याने बायकोला, शालूबाईला, सांगितलं, "कायच न्हाई त्यात. डब्यातून बोलल्यावानी आवाज येतो."

"मंग आपला कशातून येतो?" शालूबाई म्हणाली.

त्यानंतर खेमा ओसरीवर आला तो थेट शनिवारी, इस्त्रीचा शर्ट घालून.

"चल, आज आपलं पत्र वाचतील. हरिचंदकडं एकदम साफ ऐकू येतंय."

"मला माझा रेडिओ हाय."

"काहून रुसून राहिला लेकरावानी?"

"तू जा. शेठनं पेढे ठिवले असतील."

खेमा थोडा वेळ पायरीवर उभा राहिला आणि गेला. कोपऱ्यावरून तो परत फिरेल असं संतरामला वाटलं होतं. तो फिरला नाही.

संतरामने तार खिळ्याला अडकवली आणि काटा फिरवला. आवाज येत होता, जात होता. पत्रं सुरू झाली. कुठली कुठली गावं झाली आणि मग निवेदिका म्हणाली, "महाराष्ट्र के वसमत से हमें लिखा है..."

खरखर उठली. संतराम धावत टोकाला गेला आणि त्याने तार मुठीत धरली.

"...खेमा भाई ने," ती म्हणाली आणि पुढच्या पत्राकडे वळली.

तो तार धरून तसाच उभा राहिला. त्या खरखरीत त्याचं नाव होतं की नव्हतं? हरिचंदच्या घरी सगळ्यांना कळलं असेल. खेमालाही कळलं असेल.

"काहो," शालूबाईने आतून विचारलं, "घेतलं का तुमचं नाव?"

"घेतलं," संतराम म्हणाला. "आधी माझंच घेतलं."