मोताळ्यातला मलावी

"ऊन लय हाये इकडं," जीवन फोनवर म्हणाला, आणि तेवढ्यात गल्लीत भंगारवाल्याचा भोंगा वाजला. त्याने फोन उशीखाली कोंबला. भोंगा लांब गेल्यावर बाहेर काढला, तर पलीकडे गावाहून भगवानराव अजून बोलतच होते. मलावीतही भंगारवाले असतात का, म्हणून विचारत होते.

"भंगार कुठं नाई, भाऊ?" जीवन म्हणाला.

त्याने नियमच केला होता. खोटं बोलू नको, ही बायबलातली आज्ञा मोडायची नाही. आणि खरं काही सांगायचं नाही. या दोन्हींच्या मधल्या बारीक फटीत तो पंधरा-वीस दिवस अंग चोरून राहिला होता. फट म्हणजे मोताळ्याला बहिणीच्या, अनुपमाच्या घराची पुढची खोली.

जीवन हातपंप दुरुस्त करायचा. धामणगाव बढ्यात त्याला जन्मभर कोणी नावाने हाक मारली नव्हती, 'पंपवाला' म्हटलं की तो वळून बघे. गावातल्या चार ख्रिस्ती घरांपैकी एक त्याचं. पुण्याची एक मिशनरी संस्था आफ्रिकेतल्या मलावी देशात पंप दुरुस्तीच्या सेवेला माणसं नेत होती, पास्टरांनी त्याचं नाव सुचवलं. ही गोष्ट माजी सरपंच भगवानरावांच्या कानावर गेली आणि जीवनच्या हातात काही उरलं नाही. भगवानरावांना सत्काराची भारी हौस, पण गावात सत्काराजोगं कोणी काही करत नसे. त्यांनी बसस्टँडवर फ्लेक्स लावला. त्यात ते स्वतः मोठे, जीवन बारका आणि दोघांच्या मागे एक हत्ती. शाल झाली, नारळ झाला, बँड झाला. जीवन आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवरच्या खुर्चीत बसला, आणि ती खुर्ची त्याला फार आवडली.

मुंबईत विमानतळावर कळलं, की बाकी सगळ्यांचा व्हिसा आला, याचा नाही. मंडळींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि उडून गेली. जीवन मलकापूरला रेल्वेतून उतरला. धामणगावची गाडी समोर उभी होती. तो मोताळ्याच्या बसमध्ये चढला.

आता अडचण अशी, की अनुपमाच्या खिडकीसमोरच गल्लीचा हातपंप. तो पहाटेपासून केकाटायचा. बाया दांड्याला लटकायच्या तेव्हा कुठे करंगळीएवढी धार यायची. जीवनने कानात कापूस घातला, डोक्यावरून चादर घेतली. शेवटी पान्ह्यांची पिशवी घेऊन उठलाच, तर अनुपमा दारात आडवी झाली.

"दादा, तू मलावीत हायेस. गप बस."

तो बसला. पण बाजाराच्या दिवशी एक पोटुशी बाई दांडा ओढता ओढता मटकन खाली बसली आणि याच्याने राहवलं नाही. तोंडाला दुपट्टा गुंडाळून, डोळे तेवढे उघडे ठेवून, तो भरदुपारी गल्लीत उतरला. चोर की डाकू म्हणून बाया आधी मागे सरकल्या, पंप उघडलेला पाहून पुढे आल्या. त्याने वायसर बदललं, साखळीला ग्रीस लावलं, दांडा हाणला. मनगटाएवढी धार पडली. एका म्हातारीने चहा आणला, तो त्याने दुपट्ट्याच्या आत कप घालून प्यायला.

बाजाराला आलेला एक माणूस ओंजळ करून त्या धारेखाली वाकला. पोटभर प्यायला, मिशा पुसल्या आणि मान वर केली. भगवानराव.

"दुपट्टा काढ बे."

जीवनने काढला.

"कवा आला?"

"गेलोच नाई, भाऊ."

भगवानराव ओट्यावर बसले ते उठेचनात. दुःख जीवनचं नव्हतं. पार जिल्ह्यापर्यंत त्यांचं अभिनंदन झालं होतं, ते आता परत कसं करायचं? मग त्यांनीच तोडगा काढला. आठवडाभर लपून राहायचं, मग बॅग घेऊन यायचं, ते स्वागत करतील. जीवनने फक्त हात जोडायचे.

स्वागत झालं. ग्रामपंचायतीपुढे मांडव, खुर्च्या, माइक. भगवानरावांनी अर्धा तास आफ्रिका सांगितली. त्यात दोन सिंह आले, एक नदी आली. जीवन खाली बघत बसला. मग लोकांनी त्यालाच बोलायला लावलं.

तो नियमाने बोलला. तिथल्या बायांचे पाण्यासाठी किती हाल, पंप कसा रडत होता, धार आल्यावर त्या कशा हसल्या, कोण कुठली म्हातारी, तिने चहा आणला. मांडवात पदर डोळ्यांना लागले. बोलता बोलता जीवनलाही वाटायला लागलं, की आपण जाऊन आलो.

पुढच्या रांगेतून शाळेजवळ राहणाऱ्या सरस्वतीबाईंनी विचारलं, "जीवन, त्या बायाईची भाषा तुले कशी समजली रे?"

"इंग्रजी म्हण," भगवानराव मागून कुजबुजले.

जीवनने माइक घट्ट धरला. फट मिटली होती.

"आपलीच होती, माय. मी मोताळ्यात होतो. मलावीले गेलोच नाई."

जीवन दगडाची वाट पाहत उभा राहिला.

"मोताळ्यात होता?" सरस्वतीबाई उठल्या. "अन् इथं शाळेजवळचा पंप तू गेल्यापासून बंद पडून हाये. हे भगवानराव म्हणे, दुसऱ्या कोणाले हात लावू द्याचा नाई, आपला माणूस आफ्रिकेतून येऊन राह्यला. महिनाभर पाणी वाहून वाहून कंबर गेली माही."

जीवनने माइक खुर्चीवर ठेवला आणि हारासकट शाळेकडे निघाला. त्याच्या मागे सगळा मांडव निघाला, काहींनी खुर्च्याही उचलून घेतल्या. भगवानराव स्टेजवरून आभारप्रदर्शन करत होते, ते कोणाच्या पाठीला सांगावं ते त्यांना कळेना.

पंपाशी वाकताना जीवनच्या वरच्या खिशातून पासपोर्ट डोकावला. फोटोत दिसावा म्हणून भगवानरावांनीच तो तिथे ठेवायला लावला होता. जीवनने तो सरस्वतीबाईंच्या हातात दिला आणि दांडा उचलला. त्यांनी उघडून पाहिला, आतली सगळी पानं कोरी होती. मग धार सुटली, तेव्हा पाणी लागू नये म्हणून त्यांनी तो पदराखाली धरला.