पाचव्या माळेचा उपवास

राणीसावरगावच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा मूर्खपणा कुणाचा हे शोधत बसायला नको.

माझी बायको कुसुम दम्याने बेजार होती. शहाऐंशीच्या संक्रांतीला गावात एक पिशवीवाला डॉक्टर आला आणि बारीक पांढऱ्या गोळ्या देऊन गेला. रोज एक, जेवल्यावर; दर महिन्याला नवी पुडी. दमा पळाला, आणि अर्धी भाकरी कशीबशी संपवणारी कुसुम तीन खाऊन चौथीकडे बघू लागली. चेहरा गोल गरगरीत झाला. सून अंग धरायलीय म्हणून माझी आई, पार्वतीबाई, गावभर मिरवली.

मग घट बसले. कुसुमने नऊ दिवसांचे कडक उपवास धरले. गोळी जेवणानंतर घ्यायची, आणि जेवण तर नाहीच. शिवाय औषधाने उपवास मोडेल का, अशी आईला शंका. दोघी निवाड्याला माझ्याकडे आल्या. दमा गेलाच आहे, नऊ दिवसांनी काय बिघडतंय, असं मी वर्गात सांगावं तसं सांगितलं. गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या.

तिसऱ्या माळेला तिला भगरसुद्धा नकोशी झाली. चौथ्या माळेला उलट्या लागल्या. पाचव्या माळेला सकाळच्या आरतीला ती उभी राहिली आणि घटासमोरच कोसळली. अंग गार पडलेलं, घामाने चिंब. शेजारची धुरपताबाई म्हणाली, वारं आलंय, मळवट भरा. मी कुसुमच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे देवी नव्हती, आणि कुसुमही नव्हती.

गावातल्या माणिकरावांच्या जीपमधून तिला गंगाखेडला नेलं. सगळी वाट मी तिच्या नाकापुढे हात धरून बसलो होतो. एक श्वास लागला की दुसरा येईपर्यंत मी स्वतः श्वास घेत नव्हतो.

कुठलं औषध चालू आहे का, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हणालो. खोटं नव्हतं, औषध बंदच होतं. पण मास्तराची बायको पिशवीवाल्याच्या गोळ्या खाते हे सांगायची लाज वाटली, हेही खरं. डॉक्टरांनी उपवासाचा अशक्तपणा समजून सलाईन लावलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बाटली अर्धी झाली तरी रक्तदाब वर येईना. डॉक्टर पुन्हा पुन्हा नाडी चाचपू लागले, आणि ही आता जाणार असं मला वाटलं. तरीही माझं तोंड उघडलं नाही.

डॉक्टर तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहू लागले. तोंड पहिल्यापासून असंच गोल आहे का, त्यांनी विचारलं. तेव्हा आईने कमरेची पिशवी सोडली आणि गोळ्यांची पुडी त्यांच्या हातावर ठेवली.

"सायेब, ह्या गोळ्या मीच बंद केल्या. उपासाचं खूळ माजं हाय. लेकराला वाचवा."

डॉक्टर इंजेक्शन आणायला धावले.

मागाहून त्यांनी समजावलं. मेंदू रोज शरीराला निरोप धाडतो, आणि त्या निरोपावर मूत्रपिंडांवरच्या दोन ग्रंथी ताण झेलण्याचा रस सोडतात. रक्तदाब, भूक, सगळ्यावर त्याचा अंमल. गोळीत तसलाच रस होता. आठ-नऊ महिने आयता मिळाला म्हणून मेंदूने निरोप धाडणंच सोडलं. गोळी एकदम थांबली, आणि मेंदू अजून झोपलेला. आता थोडी थोडी कमी करत, कित्येक महिन्यांनी सोडवायची.

दुपारी कुसुमने डोळे उघडले.

"आत्या, भूक लागलीय."

घट बसलेले असताना आईने पदराआड रडत तिला भाकरीचा घास भरवला.

गावात अजून सांगतात, पार्वतीबाईच्या खुळापायी सून जायची, मास्तर शिकलेले म्हणून वाचली. आई हे ऐकते आणि भाकरी थापत राहते. कुसुमने ताट सरकवलं की मी आजही घाबरतो. पण चारचौघांत खरं सांगायला मी त्याहून जास्त घाबरतो.