माठाचं दुसरं कडं

खेमराजची ठेकेदारी सायकलवर सुरू झाली. बालाघाटच्या आसपास घरांची छपरं घालायची, शाळांवर पत्रे ठोकायचे, दारं-खिडक्या बसवायच्या, अशी कामं तो आणि महागू मेश्राम मिळून करायचे. ठेका खेमराजच्या नावावर, लाकडातली अक्कल महागूची. दोघं एका वयाचे, अरेतुरेतले. दोन सायकलींना हत्यारांची पोती बांधलेली आणि महागूच्या हँडलला पाण्याचा एक तुंबा. ज्याला तहान लागेल तो तुंबा उचलायचा. महागूचं घर छप्पन सालानंतर बौद्ध झालं होतं, खेमराज कुणबी. पंधरा वर्षांत रस्त्यावर ही गोष्ट दोघांमध्ये कधी निघाली नव्हती.

१९६८च्या फेब्रुवारीत खेमराजला उकव्याच्या खाणीतल्या मजुरांच्या चाळींवर नवे पत्रे घालायचं काम मिळालं. एवढं काम सायकलवर होणारं नव्हतं. त्यानं नागपूरहून जुनी जीप-पिकअप आणली. पुढे तिघांना बसायला जागा, मागे उघडा हौदा. पहिल्या खेपेला सगळी हत्यारं हौद्यात तशीच टाकली. घाटातल्या वळणांवर सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, इकडून तिकडे घसरत राहिली. उकव्याला पोचल्यावर महागूनं आपली करवत उचलून उन्हात धरली.

"हे पाह्य. आठ दात गेले. रंध्याचं पातंही बोथटलं. असं नाई चालनार, खेमराज."

"मंग एक मोठी लोखंडी पेटी घेऊ. कुलूप लावलं की झालं."

"पेटीत? वाकून वाकून शोधत बसशीन तू, अन् वर मानूस पत्रा धरून उभा."

त्या रविवारी महागूनं खेमराजच्या अंगणात सगळी हत्यारं ओळीनं मांडली आणि एकेकाचं माप घेतलं. मग खडूनं फरशीवर गाडीचा हौदा काढला. दोन्ही बाजूंना लांब कपाटं, त्यांची दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी, म्हणजे रस्त्यावर उभं राहूनच हत्यार काढता यावं. सब्बल, घण, फावडी खाली, मागच्या चाकाच्या जरा पुढे, म्हणजे गाडी डोलणार नाही. करवतींना उभ्या खाचा, आतून लाकडाची पट्टी. रंधे आणि पटाश्या ज्याच्या त्याच्या मापाच्या घरात. वर पाइपाचा सांगाडा, शिड्या आणि लाकडी बल्ल्यांसाठी, मागच्या बाजूला किंचित उतरता.

"उतरता काहून?" खेमराजनं विचारलं.

"ब्रेक मारला तर बल्ली काचीवर येईन ना बाप्पा."

शेवटी केबिनच्या मागे, जिथे सावली राहील तिथे, महागूनं एक गोल काढला. "हे माठाचं कडं. तळाशी बारदाना टाकू, म्हंजे फुटनार नाई."

खेमराजनं ते सगळं कागदावर उतरवून घेतलं आणि गोंदिया रस्त्यावरच्या बाबूलालच्या वेल्डिंगच्या दुकानात गाडी लावली. महागू तेव्हा एका तांदळाच्या गिरणीची दारं बसवायला चार दिवस लालबर्ऱ्याला गेलेला होता.

त्याच चार दिवसांत खेमराजनं परसवाड्याचे तीन मिस्त्री कामावर ठरवले. त्यांचा म्होरक्या प्रेमलाल. हाताला सफाई होती, घाईचं काम उरकणारा होता. ठरवाठरव झाल्यावर तो म्हणाला, "ठेकेदार, तो मेश्राम संगं राहीन ना? आमचं पानी तेवढं अलग ठेवजा."

खेमराजनं ऐकलं, आणि विडी पेटवली.

दुसऱ्या दिवशी बाबूलालनं चष्मा वर करून कागदावरच्या गोलावर बोट ठेवलं. तो हिंदीतच बोलायचा. "सेठ, घड़ा एक ही रहेगा?"

दुकानात आणखी कोणी नव्हतं. प्रेमलाल नव्हता, त्याची माणसं नव्हती. 'हो, एकच' म्हणायला खेमराजचं काहीच जाणार नव्हतं. त्यानं पंधरा तारखेच्या आत उरकायच्या चाळींचा हिशोब मनात केला, मिस्त्री निघून गेले तर काय होईल ते पाहिलं, आणि म्हणाला, "दो बना दो. एक पीछे की तरफ."

"पीछे चूना रखोगे ना? धूल उड़ेगी."

"उडू दे," खेमराज म्हणाला.

महागू लालबर्ऱ्याहून आला तेव्हा गाडी तयार होती. लहान पोरासारखा तो गाडीभोवती फिरला. प्रत्येक दार उघडून पाहिलं, करवत खाचेत बसवली, काढली, पुन्हा बसवली. "बाबूलालनं मस्त केलं रे," म्हणत तो मागे आला आणि थांबला.

"हे कायले?"

"उन्हाळा येऊन राह्यला," खेमराज म्हणाला. "पानी जास्त लागते."

"हौ," महागू म्हणाला. त्यानं कड्यावरून बोट फिरवलं, वेल्डिंगची कड घासून घ्यायची राहिली होती, आणि बोट झटकलं.

सोमवारी सगळे उकव्याला गेले. दोन्ही माठ भरलेले होते. दहा वाजेपर्यंत पत्रे तापले. महागू शिडी उतरून खाली आला आणि केबिनजवळच्या पुढच्या माठाकडे वळला. प्रेमलाल तिथेच बसून तंबाखू मळत होता.

"महागू, तुझा तो मागचा," तो अगदी सहज म्हणाला.

महागूचा हात ओगराळ्यापर्यंत गेला होता. तो तिथेच राहिला. मग त्यानं खेमराजकडे पाहिलं.

खेमराज चार पावलांवर होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं पाठ फिरवली आणि खाली रचलेले पत्रे मोजायला लागला. एक, दोन, तीन. कडेला हात लावून, ओठ हलवून, मोठ्या कामात असल्यासारखा. बावीस पत्रे होते. संपल्यावर त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मागून शिडी करकरली तेव्हा महागू वर गेल्याचं त्याला कळलं.

त्या दिवशी महागूनं एकाही माठातलं पाणी घेतलं नाही. दुपारी चाळीतल्या शेवंताबाई नावाच्या बाईनं त्याला तांब्याभर पाणी दिलं, ते तो ओसरीवर बसून प्याला. काम त्यानं पुरं केलं. संध्याकाळी सगळ्यांची हत्यारं जागच्या जागी लावली, दारं बंद केली, मग आपल्या बाजूचं कपाट पुन्हा उघडलं. आपली करवत, दोन रंधे, गिरमिट आणि पटाश्या काढून पोत्यात भरल्या.

"हे काय करून राह्यला?" खेमराजनं विचारलं.

"बसनं जातो," महागू म्हणाला. बैहरकडून येणारी गाडी थांबायची तिकडे तो पोतं खांद्यावर टाकून चालत गेला.

तीन दिवस तो आला नाही. प्रेमलालनं आपली करवत महागूच्या खाचेत घालून पाहिली, ती लांब पडली. चौथ्या दिवशी सकाळी खेमराज महागूच्या घरी गेला. महागूची बायको मैनाबाई दारात तांदूळ निवडत होती. तिनं पदर सारखा केला, आतून बाज आणून टाकली. महागू बाहेर आला.

"बसा, ठेकेदार."

खेमराजला वाटलं, चेष्टा करतोय. पण महागूच्या तोंडावर चेष्टा नव्हती. घरी आलेल्या परक्या माणसाला बोलावं तसा तो बोलत होता.

"त्या मिस्त्र्याइनं अडवून धरलं रे," खेमराज म्हणाला. "काम अंगावर होतं. अन् बाबूलालनं बी..."

"बाबूलालनं सोताच्या मनानं केलं?"

खेमराजच्या ओठांवर 'हौ' आलं होतं. मैनाबाई सूप हातात धरून त्याच्याकडे पाहत होती.

"नाई," तो म्हणाला. "मीच सांगतलं त्याले. दोन कर म्हनून. कोनी जबरदस्ती नाई केली."

महागूनं मान हलवली, जणू त्याला हे माहीतच होतं. "प्रेमलालचं मले काई नाई वाटलं. असे लोक लय पाह्यले. तुमी पत्रे मोजून राह्यले होते. दोन डाव मोजले."

खेमराजचे कान तापले. "चाल ना," तो म्हणाला. "ते कडं मी आज कापून टाकतो."

"कापा. चांगलंच हाय. पन मी लालबर्ऱ्याले गिरनीवाल्याकडं लागलो."

खेमराज तिथून थेट बाबूलालकडे गेला. बाबूलालनं काही न विचारता कडं कापून दिलं. उकव्याला गेल्यावर खेमराजनं मिस्त्र्यांना सांगितलं, "आजपासून एकच माठ. ज्याले प्याचं तो पेईन." प्रेमलाल हसला. "आता कायले? तो तं गेला." आणि तिघंही त्या एका माठाचं पाणी मजेत पीत राहिले. आता कडं कापण्याला काही अर्थ उरलेला नाही, हे त्या हसण्यानं खेमराजला जितकं कळलं तितकं कशानंच कळलं नव्हतं. चाळींचं काम संपताच त्यानं प्रेमलालचा हिशोब चुकता केला आणि पुन्हा त्याला बोलावलं नाही. पण हे त्यानं काम संपल्यावर केलं, आधी नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

घरी तो म्हणाला होता, महागूला लालबर्ऱ्याला चांगलं काम मिळालं. पावसाळ्यात एकदा जेवताना त्याची बायको सत्यभामा पुन्हा विचारू लागली, "महागूभाऊ एकडाव भी काहून नाई येत?" तेव्हा त्यानं पहिल्यांदा सगळं सांगितलं, प्रेमलालपासून पत्र्यांपर्यंत. काहीही गाळलं नाही.

सत्यभामेनं विचारलं, "अन् तुमी? तुमी कोनत्या माठातलं पेलं त्या दिवशी?"

"समोरच्या, केबिनजवळच्या," खेमराज म्हणाला.

त्याच्या ताटातला भात तसाच राहिला, आणि रोज करायची तसा तिनं तो संपवायचा आग्रह केला नाही.