सांडूभाऊंचे पती

शेंद्र्याची जमीन कारखान्यांना गेली आणि सांडूभाऊ बायको चतुराबाईंसह मुकुंदवाडीच्या फ्लॅटात राहायला आले. तिथं हळूहळू त्यांचं बोलणंच आटलं. दाढी वाढलेली, दिवसभर भिंतीकडं तोंड. डॉक्टरांनी नैराश्य सांगून गोळ्या दिल्या. लेक तनुजानं ऑनलाइन समुपदेशक लावून दिल्या, मनस्विनी मॅडम. त्या आठवड्यातून एकदा व्हिडिओवर भेटत. मधल्या दिवसांत मोबाइलमधला एआय सहायक सकाळी बोलून विचारपूस करी आणि मॅडमना सारांश पाठवी.

"नमस्कार सांडूजी, आज कसं वाटतंय?"

सांडूभाऊ भिंतीकडं वळले. मोबाइल नुसता ताटकळतोय हे चतुराबाईंना बघवेना. भाकरी थापता थापता त्याच म्हणाल्या, "कसं वाटणार? दुष्काळानं नळ कोरडा, टँकरमागं पळून कंबर गेली. अन् घरात नवरा बोलंना."

"समजतंय मला. झोप लागते का?"

"कशाची झोप!"

मग रोजच चतुराबाई मोबाइल ओट्यावर नेऊन ठेवू लागल्या.

पुढच्या भेटीत मॅडम सारांश बघून खूश झाल्या. "सांडूभाऊ, किती मोकळं बोललात! तुमचे पती घरात बोलत नाहीत, त्याचा तुम्हाला..." त्या अडखळल्या. "तुमचे पती?"

सांडूभाऊंनी मान वर केली. "माझे पती?"

ओट्यापाशी पातेलं पडलं.

"अजून काय लिवलंय?" सांडूभाऊंनी हसत विचारलं.

"ज्यांचं बोलणं आहे, त्यांना आधी विचारते," मॅडम म्हणाल्या.

चतुराबाई हात पुसत आल्या. "वाचा की. म्या काय चोरून बोलले नाय."

मॅडमनी वाचलं, "मलाबी इथं करमत नाय. पण मी रडत बसले तर ह्यांना कोण बघंल?"

सांडूभाऊंचं हसू तिथंच जिरलं. "मला का नाय सांगितलं?"

"तुम्ही होता कुठं? ते यंत्र निदान 'समजतंय' तरी म्हणतं."

"मग मला समजत नाय व्हय?" सांडूभाऊ कडाडले.

कितीतरी महिन्यांनी नवरा चिडला होता. चतुराबाईंना इतकं बरं वाटलं की डोळ्यांना पदर लावावा लागला.

मॅडमनी चतुराबाईंचं नाव समुपदेशनासाठी वेगळं नोंदवलं. सांडूभाऊ काही लगेच बरे झाले नाहीत. गोळ्या चालूच आहेत, काही सकाळी उठवतही नाही. पण सहायकानं विचारलं की ते घाईनं स्वतःच उत्तर देतात, नाहीतर बायको बोलून टाकील ही धास्ती. परवा तर खालच्या मजल्यावरच्या कडुबांशी गाडी लावण्यावरून कडाक्याचं भांडून आले.

चतुराबाईंनी लगेच लेकीला फोन लावला. "तनुजा, तुझ्या बापाला लई फरक पडलाय!"